थोड्या पैशांतला मोठा प्रवास

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या घरातले कोणीच अरब देशात गेलेले नाही, असे घर आपल्या वस्तीत क्वचितच सापडेल. कोणी नोकरीला गेले, कोणी हज-उमऱ्याला. पण केवळ देश पाहायला, तिथली माणसे ओळखायला कोणी गेल्याचे मी ऐकले नव्हते. २०१० साली मी बी.एड. होऊन नोकरी शोधत होतो. शिकवण्यांतून साठवलेले पैसे घेऊन इजिप्त, जॉर्डन आणि सीरिया फिरून यायचे ठरवले, तेव्हा अब्बांनी एकच प्रश्न विचारला, "नोकरी नाही, उमरा नाही, मग जातोस कशाला?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम खर्चाचे सांगतो, कारण पालकांच्या मनात तोच प्रश्न असणार. विमानाचे भाडे सोडून २३ दिवसांत सुमारे २० हजार रुपये लागले. पाठीवर एक पिशवी, त्यात दोन जोड कपडे. मुक्काम अशा ठिकाणी की जिथे एका खोलीत सहा-आठ खाटा असतात आणि आपण फक्त खाटेचे पैसे देतो. दमास्कसमध्ये गच्चीवरची गादी त्याहूनही स्वस्त होती. कैरोत पोट भरले ते कोशरीवर. भात, मसूर, मॅकरोनी आणि वर तळलेला कांदा! जॉर्डन महाग, कारण तिथला एक दिनार म्हणजे तेव्हाचे सुमारे ६५ रुपये. सीरियाचा एक पौंड मात्र जवळजवळ आपल्या एका रुपयाइतका होता. एका गावाहून दुसऱ्या गावी जायला 'सर्विस' नावाची मोटार मिळे. आपल्याकडच्या वडापसारखीच, भरली की सुटते.

वाट ठरवतानाही विचार करावा लागला. नकाशावर इजिप्त आणि जॉर्डन अगदी जवळ दिसतात, पण मधे इस्रायलची चिंचोळी पट्टी आहे. त्या वाटेने गेलेल्याला सीरियात प्रवेश मिळत नसे. म्हणून सिनाईतल्या नुवैबा बंदरातून बोटीने अकाबाला उतरलो. तिथून पेत्रा. नबाती लोकांनी डोंगर कोरून वसवलेले ते शहर पाहताना वेरूळची आठवण झाली. पुढे अम्मान, तिथून दमास्कस आणि शेवटी हलब, ज्याला इंग्रजीत अलेप्पो म्हणतात.

मित्रांनो, लहानपणी मक्तबात मी कुरआन शरीफ पूर्ण वाचलेले. त्यामुळे अरबी आपल्याला थोडीफार येते, अशी माझी समजूत होती. कैरोत पाव मागायला 'खुब्ज' म्हणालो, तर दुकानातला पोरगा हसला. तिथे पावाला 'ऐश' म्हणतात, म्हणजे जीवन! 'किती पैसे' याला कैरोत 'बिकाम' आणि दमास्कसमध्ये 'कद्देश'. मात्र खानावळीत पैसे द्यायची वेळ आली आणि लोक 'हिसाब' मागताना ऐकले, तेव्हा घरी आल्यासारखे वाटले. हिशोब, रक्कम, तारीख, मुक्काम, वकील हे आपल्या मराठीतले शब्द मूळचे तिथलेच आहेत.

दमास्कसची उमय्यद मशीद इ.स. ७१५ च्या सुमारास पूर्ण झाली. नमाजनंतर मी तिथे बसून सूरह अस्र पढत होतो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या उच्चारांची तारीफ केली आणि सोप्या शब्दांत विचारले, "याचा अर्थ काय घेतोस?" मला सांगता आला नाही. वीस वर्षे ज्या ओळी तोंडपाठ होत्या, त्यांच्यापुढे मी मान खाली घालून बसलो. ते हसले नाहीत. एकेक शब्द घेऊन, कधी हातवारे करून, त्यांनी तासभर मला अर्थ समजावला. त्या एका तासाने मला शिक्षक केले, असे मी मानतो. तेव्हापासून वर्गात कोणतीही गोष्ट अर्थ विचारल्याशिवाय पुढे नेत नाही.

अशा प्रवासाची परंपरा आपल्यात नवी नाही. इब्न बतूता १३२५ साली टँजिअरहून निघाला तेव्हा २१ वर्षांचा होता. पुढे तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. दमास्कसमधल्या वक्फांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. मुसाफिरांसाठी वक्फ, गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ, रस्त्यांसाठी वक्फ. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी फुटली. लोकांनी त्याला भांड्यांच्या वक्फाकडे नेले आणि त्याला थाळीचे पैसे मिळवून दिले. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मी परतल्यावर काही महिन्यांतच, मार्च २०११ मध्ये, सीरियात उठाव सुरू झाला. ज्या दरआवरून माझी मोटार गेली होती, तिथूनच. २०१२ साली हलबचा जुना बाजार जळाला. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या मोठ्या मशिदीचा अकराव्या शतकातला मिनार कोसळला. डिसेंबर २०२४ मध्ये तिथली राजवट पडली, पण त्या बाजारात मला चहा पाजणारे दुकानदार कुठे आहेत, आहेत की नाहीत, हे मला माहीत नाही. वर्तमानपत्रात हलबचे नाव आले की मला त्यांचे चेहरे दिसतात.

अब्बांना मी सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी बावीस वर्षे कुवेतमध्ये होतो. खोली आणि कामाची जागा, याशिवाय कुवेत पाहिलेच नाही."

पालकहो, माझे मागणे एवढेच. मुलांना अरबी अर्थासह शिकवा. मुलामुलींच्या शिक्षणाच्या खर्चात एका प्रवासाची तरतूद ठेवा. आखातात नोकरी लागलीच, तर सुट्टीच्या दिवशी तो देश पाहा म्हणून सांगा. आणि विद्यार्थ्यांनो, निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहा, वडीलधाऱ्यांना वाट कळवा, खर्च रोज वहीत लिहा. पण निघा.