जंतूंची वंशावळ

जुन्या पोथीची नक्कल करतांना लेखनिकाचा हात एखाद्या अक्षरावर चुकतो, आणि पुढें त्या नकलेवरून होणाऱ्या प्रत्येक नकलेंत ती चूक उतरते. अशा चुका ताडून पाहून कोणती पोथी कोणत्या पोथीपासून निघाली हें पंडित ठरवितात. रोगजंतूंचा माग काढण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं हीच युक्ति योजिली आहे.

प्रत्येक जंतूच्या ठायीं डी. एन. ए. नामक द्रव्याची एक पोथी असते. क्लेब्सिएला न्यूमोनिई या जंतूची पोथी सुमारें ६० लक्ष अक्षरांची आहे. जंतु दुभंगून वाढतो तेव्हां तिची नक्कल होते व क्वचित् एखादें अक्षर बदलतें.

सन २०११ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयांत न्यूयॉर्कहून एक स्त्री आली. तिच्या अंगीं जो क्लेब्सिएला होता, त्याच्यापुढें बहुतेक औषधें निष्प्रभ ठरलेलीं होतीं. तिला निराळें ठेवून कडक दक्षता घेण्यांत आली. जुलैच्या मध्यास ती रुग्णालयांतून गेली. परंतु तीन आठवड्यांनीं अन्य एका रुग्णांत तसाच जंतु आढळला; मग एकामागून एक नवे रुग्ण सांपडूं लागले.

हा जंतु बाहेरून नव्यानें आला, कीं पहिल्याचाच वंशज? ही जात अमेरिकेंत पूर्वींच फैलावलेली असल्यामुळें नेहमीच्या परीक्षेनें निर्णय होईना. तेव्हां रुग्णांकडून घेतलेल्या जंतूंची समग्र पोथी वाचण्यांत आली. अगदीं थोड्या अक्षरांचाच भेद निघाला. सारे जंतु त्या एकाच स्त्रीकडून आले होते. तेहि निदान तीन वेळां, स्वतंत्रपणें. मधल्या काळांत ते निर्लक्षण रुग्णांच्या अंगीं गुप्तपणें वसत होते. स्वच्छ केलेल्या एका श्वासयंत्रावरहि जंतु सांपडला.

मग लक्षणें नसलेल्या रुग्णांचीहि तपासणी सुरू झाली, बाधितांसाठीं वेगळा कक्ष झाला, आणि वर्षअखेरीस सांथ आटोक्यांत आली. तोंवर एकंदर १८ रुग्ण बाधित होऊन ११ दगावले होते. त्यांपैकीं ६ जणांचा मृत्यु या जंतूमुळें ओढवला.

जंतूची पोथी वाचल्यानें नवें औषध हातीं येत नाहीं. परंतु जो आजारी दिसतो तोच रोग पसरवितो, ही समजूत किती घातक आहे, हें त्या मूठभर बदललेल्या अक्षरांनीं दाखवून दिलें. औषधें थकतात तेथें वाट अडविणें हाच उपाय उरतो, आणि वाट अडविण्यापूर्वीं ती ठाऊक असावी लागते.