इंजिनाचा श्वास

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे हवाई दलाचा तळ आहे. १९९६ सालापासून तेथे विमानांचे मोठे प्रदर्शन भरत आले आहे. २०१९ सालच्या प्रदर्शनात जेट विमानांच्या मेळ्यात ‘परशुराम’ नावाचे एक जुने डाकोटा विमानही झेपावले. जेट विमानाला जे लागतच नाही, असे एक साधन डाकोटाच्या दोन्ही इंजिनांवर असते. ते म्हणजे कार्ब्युरेटर.

द्रवरूप पेट्रोल इंजिनाच्या कामाचे नाही. त्याची वाफ हवेत नीट मिसळावी लागते. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पंधरा भाग हवा, हे त्याचे प्रमाण. म्हणजे समुद्रकाठी एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा खर्ची पडते!

हा मेळ घालणाऱ्या कार्ब्युरेटरची साधी रचना अशी : एक नळी, तिचा गळा अरुंद. गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. शेजारच्या कुंडीतील पेट्रोलावर मात्र बाहेरचा पुरा दाब असतो. साहजिकच पेट्रोल बारीक तोटीतून गळ्यात ढकलले जाते आणि त्याचे तुषार होतात. पूर्वी घरोघरी असलेला फ्लिटचा पंप याच तत्त्वावर चाले.

परंतु येलहंका समुद्रसपाटीहून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवा विरळ. त्याच एक लिटर पेट्रोलास तेथे जवळजवळ दहा हजार लिटर हवा लागते. उंचीवर हवेचे वजन जितके घटते, तितके तोटीतून येणारे पेट्रोल घटत नाही. विमान जसे वर चढते, तसे मिश्रण अधिकच दाट होते, काजळी धरते, शक्ती उणावते. म्हणून लहान विमानांत वैमानिक एका दांड्याने पेट्रोल आवरतो. त्यातही तारतम्य हवे. फार आवरले, तर इंजिन तापते किंवा भर आकाशात बंद पडते.

डाकोटाच्या कार्ब्युरेटरमध्ये ही राखण एका बंदिस्त धातूच्या डबीकडे असते. बाहेरचा दाब उतरला की डबी फुगते आणि पेट्रोलाला आवर घालते.

आज बहुतेक नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा विद्युत्-नियंत्रित फवाऱ्याने घेतली आहे. साधन बदलले, हिशेब मात्र तोच राहिला. हवा मोजायची ती आकाराने नव्हे, वजनाने.