आपल्या कन्यांची जागतिक उमेदवारी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील महिला सत्रात केलेले भाषण)



मुलींना शिकवावे की न शिकवावे, हा वाद आपल्या समाजात आता उरलेला नाही. त्यावर पुन्हा बोलून मी आपला वेळ घेणार नाही. परंतु शिक्षण संपत आले म्हणजे मुलीने कोठवर जावे, या प्रश्नावर आपण अद्याप मोकळेपणाने बोललेलो नाही. म्हणून स्त्री-पुरुष समतेचे कार्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांतील उमेदवारीविषयी आज चार शब्द सांगण्याचे मी योजिले आहे. हल्लीची मुले हिलाच इंटर्नशिप म्हणतात.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९४६ साली स्त्रियांच्या दर्जाविषयी एक आयोग स्थापन केला. पुढे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असताना आपल्या हंसाबेन मेहता तेथे भारताच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या कलमात केवळ पुरुषांचा बोध होईल असा शब्द योजिला होता. त्या जागी 'सर्व मानव' या अर्थाचा शब्द यावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९४८ च्या जाहीरनाम्यात तो आला. एका शब्दाचे मोल किती, हे यावरून कळावे. १९७९ साली स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार झाला. भारताने त्याला १९९३ साली मान्यता दिली. २०१० साली चार निरनिराळे विभाग एकत्र करून 'यूएन विमेन' ही संस्था निर्माण करण्यात आली. तिचे मुख्यालय न्यूयॉर्क येथे असून नवी दिल्लीतही तिचे कार्यालय आहे.

अशा ठिकाणी उमेदवार करतो तरी काय? तो टिपणे काढतो, आकड्यांचे तक्ते जुळवितो, सभांचे वृत्तांत लिहितो, अहवालांचे मसुदे तपासतो. हे काम दिसावयास किरकोळ आहे. परंतु तक्त्यात कोणता रकाना असावा आणि कोणता प्रश्न विचारला जावा, हे ज्याला सुचते तो किरकोळ माणूस नव्हे. आणि हा प्रश्न सुचण्यासाठी जे अनुभवाचे भांडवल लागते, ते आपल्या झाडीपट्टीत भरपूर आहे.

आपले जिल्हे मागासलेले, असे आपणच म्हणत आलो. पण इतिहास काय सांगतो? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता; तो १९८२ साली झाला. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले, तेव्हा १९७९ साली चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. त्या बदलाच्या मुळाशी आपल्या भागातील एका गरीब मुलीची तक्रार होती.

दुसरे उदाहरण डॉ. राणी बंग यांचे. त्यांनी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभारली. तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. मात्र पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही जगाची समजूत या आकड्यांनी हलविली. १९९४ च्या कैरो येथील परिषदेत प्रजनन आरोग्याचा जो व्यापक विचार झाला, त्याची भूमी अशाच अभ्यासांनी तयार केली होती.

आता वनहक्काचे पाहा. २००६ च्या कायद्याप्रमाणे विवाहितांच्या बाबतीत जमिनीचा हक्क पती आणि पत्नी या दोघांच्या नावे नोंदवावयाचा असतो. न्यूयॉर्कच्या तक्त्यात याची एक खूण होईल आणि रकाना पुरा होईल. पण कोरची किंवा सिंदेवाहीकडची मुलगी तेथे बसलेली असेल, तर ती विचारील, "नाव लागले हे खरे, पण तेंदूपानांच्या आणि मोहफुलांच्या पैशावर तिचा अधिकार चालतो काय?" हा प्रश्न ग्रंथांतून सहज सुचत नाही. तो जिने पहाटे आईबरोबर मोह वेचला आहे, तिला सुचतो.

मग अडते कोठे? पहिली अडचण पैशाची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयातील उमेदवारी दोन ते सहा महिन्यांची आणि बिनपगारी असते. प्रवास, विमा, राहणे, जेवण हे सारे पदरचे. २०१५ साली जिनेव्हा येथे एका तरुण उमेदवाराला तंबूत राहावे लागल्याची बातमी जगभर गाजली. काही शाखांत थोडे विद्यावेतन मिळते, परंतु पुढे नोकरी मिळेलच असे आश्वासन नसते. परिणाम असा की, समतेचे काम शिकण्याची संधी सधनांच्या मुलांनाच अधिक मिळते. आपली शिष्यवृत्ती केवळ पदवीच्या शुल्कापुरती आहे. तिच्यात उमेदवारीच्या खर्चाचाही समावेश व्हावा आणि प्रतिवर्षी निदान एका कन्येला, दिल्लीपर्यंत का होईना, पाठवावे, अशी माझी कार्यकारिणीस नम्र विनंती आहे.

दुसरी अडचण आपल्या मनाची. मुलगा परदेशी निघाला तर आपण पेढे वाटतो आणि मुलगी निघाली तर "लग्नाचे काय?" असे विचारतो. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेस गेल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. इतक्या वर्षांनंतर आपण त्यांच्यापेक्षा अधिक भ्यावे, हे शोभत नाही. सुरक्षिततेची चौकशी अवश्य करावी, पण ती वाट काढण्यासाठी करावी, वाट अडविण्यासाठी करू नये.

आणि शेवटी एक कटू गोष्ट, ती आपण गोड करून घ्यावी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क दिला. तरीही भाऊबीजेची ओवाळणी घालून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेणारी घरे आपल्यात आहेत. ज्या घरातून कन्या जगाला समता सांगावयास निघेल, त्या घरच्या सात-बारावर तिचे नाव आधी असू द्या. जगाने तिला विचारले, "तुमच्याकडे कसे आहे?" तर तिला मान खाली घालावी लागू नये.