मंदीची किंमत कोण मोजतो?



तेजी-मंदी हा व्यापाऱ्यांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपणांपैकी कित्येकांस वाटत असेल. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस घेऊन गेलेल्या माणसास मात्र तसे वाटणार नाही. 2022 च्या सुरुवातीस कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर विकला गेला. पुढील हंगामात अनेकांनी त्याच आशेने माल घरात ठेवला आणि 2023 च्या उन्हाळ्यात भाव 8 हजारांच्या खाली आला. आता हिशेब पाहा. एक लाखाचे कर्ज 10 हजारांच्या भावाने 10 क्विंटलांत फिटते. 8 हजारांच्या भावाने साडेबारा क्विंटल लागतात. भाव उतरला म्हणून कर्ज उतरत नाही. मंदीचे खरे दुखणे हेच.

हे पूर्वीही घडले आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांपर्यंत चढला. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले. 1 जुलैला सौद्यांचे पैसे चुकते करण्याची वेळ आली, तेव्हा पैसे कोणापाशीच नव्हते. राजाबाई टॉवरसाठी देणगी देणारे प्रेमचंद रायचंद बुडाले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही 1868 मध्ये गुंडाळावी लागली.

ही झाली श्रीमंतांची गोष्ट. पण तेजीत सावकारांनी सैल हाताने दिलेले कर्ज खेड्यांत तसेच उरले होते. कापसाचा भाव गेला, त्यात नव्या आकारणीने सारा वाढला. अखेर 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांच्यातील बहुतेकांनी शेअरचा कागद डोळ्यांनी पाहिलाही नसेल! दिलासा देणारा कायदा झाला तो 1879 साली, तोही इंग्रजी मुलखात. आपला परभणीचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. 1865 ते 1879 म्हणजे 14 वर्षे. सहा वर्षांचे मूल तेवढ्यात वीस वर्षांचे होते. त्याचे शिकण्याचे सारे वय त्यात निघून जाते.

म्हणूनच एक शिक्षक या विषयावर बोलतो आहे. भाव पडल्याची खबर मला वर्तमानपत्राच्या आधी हजेरीपटावरून लागते. मुलगा गॅरेजवर किंवा हॉटेलात लागतो. "थोडे दिवसच, सर. भाव आला की पाठवतो," असे वडील सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. पुढे भाव येतो. तोवर मुलाच्या हाती रोजचे पैसे खेळू लागलेले असतात, बरोबरीची मुले पुढे गेलेली असतात आणि लहानांच्या बाकावर बसण्याची त्याला लाज वाटते. मुलीचे तर लग्नच ठरलेले असते. हे नुकसान कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात दिसत नाही.

पालकांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. घरात दाणा नसताना वहीचे पैसे मागणे मलाही जड जाते. परंतु नाव काढण्यापूर्वी एकदा शाळेत येऊन मोकळेपणाने सांगा. फी, पुस्तके, शिष्यवृत्ती यांची काही ना काही वाट पाहता येते. आणि ज्यांचे नाव आधीच निघाले आहे, त्यांनी 17 नंबरचा फॉर्म भरून दहावीस बाहेरून बसावे. मुदत बोर्ड दरवर्षी जाहीर करते. फॉर्म भरताना अडले तर शाळा सुटल्यावर माझ्याकडे या, मी बसलेला असतो.