पोत : वस्त्राचा आणि चित्राचा



संगणकावर चित्रे रचणाऱ्या माणसाला या व्यासपीठावर बोलावण्याचे धाडस चालकांनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. आमचा विषय थोडा आडवळणाचा आहे. फोटोशॉपसारख्या चित्रसंस्करणाच्या सॉफ्टवेअरमध्ये खरे वाटावे असे कापड कसे उभे करतात, हे आम्ही सांगणार आहोत. कापड नेसायचे, पांघरायचे; त्याचे चित्र करून काय साधणार, असे कोणाला वाटेल. परंतु आज बरेचसे कापड आपण हाताने चाचपण्याआधी पडद्यावर पाहतो. जे बोटांनी ओळखायचे ते डोळ्यांनी ओळखावे लागत असेल, तर डोळ्यांना काय दाखवले जाते हा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : पोत. आपण कापडाचा पोत म्हणतो, जमिनीचाही पोत म्हणतो. इंग्रजीतला 'टेक्स्चर' हा शब्दही विणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. म्हणजे पोत ही वरून लावायची वस्तू नव्हे, ती विणीतून येते, हे भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्हांला मात्र ते चुका करूनच शिकावे लागले.

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली बाजारात आली. आज गिम्पसारखी फुकट मिळणारी साधनेही आहेत. अशा साधनांत कापडाचा खडबडीतपणा दाखवणारा तयार फिल्टर असतो. कळ दाबली की सपाट रंगावर कॅनव्हास किंवा गोणपाट उमटते. आम्हीही आरंभी तेच केले. पहिल्या क्षणी ते छान दिसले, दुसऱ्या क्षणी ते मेणकापडासारखे दिसू लागले. उंचसखलपणा होता, पण धागा कोठे नव्हता.

तेव्हा मुळापासून सुरुवात करणे भाग पडले. कापड म्हणजे ताणा आणि बाणा. ताणा उभा, बाणा आडवा. साध्या विणीत बाणा एका ताण्यावरून जातो, पुढच्याखालून जातो. परतताना उलट करतो. दोन उभे आणि दोन आडवे धागे काढले की या विणीचा नमुना पुरा झाला. तिरक्या विणीत हा क्रम दरवेळी एका धाग्याने सरकतो. म्हणून जीनच्या कापडावर तिरप्या रेघा दिसतात. त्या कापडात निळा ताणा बहुधा तीन पांढऱ्या बाण्यांवरून जातो आणि एकाखाली दडतो, म्हणून पुढून ते निळे आणि मागून फिकट दिसते. साटिनमध्ये धागा चार धाग्यांवरून मोकळा वाहतो. त्या लांब मोकळ्या धाग्यावर प्रकाश घसरतो, म्हणून साटिन चमकते. हे कळल्यावर चमक वेगळी रंगवावी लागत नाही. वीण बरोबर काढली की ती कोठे पडेल ते आपोआप कळते.

थोडे गणितही करावे लागते. कापडात इंचाला ६० धागे असतील आणि चित्रात इंचाला ३०० पिक्सेल, तर एका धाग्याच्या वाट्याला ५ पिक्सेल येतात. त्यात मध्ये उजळ, कडांना गडद असा गोल धागा दाखवता येतो. तेच चित्र लहान करून धाग्याला दोनहून कमी पिक्सेल उरले, की कापडावर नसलेल्या लाटा दिसू लागतात. या लाटांना 'म्वारे' म्हणतात, आणि हे नावही लाटांची झाक असलेल्या एका रेशमी कापडावरूनच पडले आहे.

इतके केल्यावर आमचे कापड बिनचूक झाले, आणि त्यामुळेच खोटे दिसू लागले. खादीचा धागा कोठे जाड, कोठे बारीक असतो. तो आणावा म्हणून आम्ही 'नॉइज' नावाच्या फिल्टरने सर्वत्र ठिपके उधळले. कापडाला जणू देवी आल्या! केन पर्लिन या अमेरिकन संगणकतज्ज्ञालाही अशीच अडचण आली होती. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामानंतर संगणकी चित्रांचा यांत्रिक गुळगुळीतपणा त्याला खटकू लागला, आणि १९८३ मध्ये त्याने शेजारच्या बिंदूंशी नाते राखून बदलणाऱ्या अनियमिततेची रीत शोधली. तिच्यासाठी १९९७ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याचा तांत्रिक पुरस्काराने गौरव केला. नैसर्गिक अनियमिततेलाही एक शिस्त असते, हे त्या शोधाचे सार आहे.

कापडातली ती शिस्त आम्हांला येवल्याच्या बाजूच्या एका वृद्ध विणकरांनी समजावली. त्यांना आम्ही मोठ्या हौसेने आमचे चित्र दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले, "साहेब, या कापडाला कड कुठं आहे? बाणा परत फिरतो कुठनं?" आम्ही निरुत्तर झालो. मग त्यांनी एका ठिपक्यावर बोट ठेवले : "आणि ही गाठ दर चार बोटांवर कशी आली? चूक काय घड्याळ लावून होते?"

दोन्ही प्रश्नांत सगळी विद्या होती. आम्ही फरशीसारखा एक चौकोन करून तोच शेजारी शेजारी बसवला होता. 'ऑफसेट'ने चौकोन अर्धा सरकवून मधला सांधा पुसला की जोड दिसत नाही, पण प्रत्येक फरशीवरचा डाग मात्र पुन्हा पुन्हा येतो. यावर उपाय असा की चौकोन मोठा घ्यावा आणि डोळ्यांत भरणारे दोष त्यात ठेवूच नयेत. ते शेवटी, सबंध कापडावर, वेगळ्या थरात द्यावेत. दोषही ठिपक्यासारखा नसतो. ताणा जाड असेल तर त्याची रेघ उभी लांबवर जाते, बाण्याची आडवी जाते. म्हणून ठिपके दोन थरांत घेऊन 'मोशन ब्लर'ने एक थर उभा, दुसरा आडवा ओढावा, आणि जेथे जो धागा वर असेल तेथे त्याचाच थर दिसू द्यावा. एवढे केल्यावर कापड प्रथमच श्वास घेऊ लागले.

चुण्यांविषयी थोडक्यात सांगतो. चुण्यांचे छायाचित्र कृष्णधवल करून 'मल्टिप्लाय' रीतीने कापडावर ठेवले की सावल्या पडतात, पण धागे सरळच राहतात. त्यांना वळवण्यासाठी 'डिस्प्लेस' वापरावे. त्यात मधला करडा, म्हणजे १२८, जागचा हलत नाही. अधिक काळे आणि अधिक पांढरे धाग्याला विरुद्ध दिशांना सरकवतात. ते छायाचित्र आधी किंचित धूसर करावे, नाहीतर धागे तुटके दिसतात. धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. तेव्हा चुणीच्या एका अंगाला एक रंग आणि दुसऱ्या अंगाला दुसरा रंग वर येऊ द्यावा.

आता जे सांगायचे ते सांगण्यास जीभ जरा अडखळते. ही विद्या हाती आल्यावर एका व्यापाऱ्याने आम्हांला काम दिले. त्याच्याकडे पैठणीच्या पदराची छपाई केलेल्या साड्या होत्या. चित्रात त्या विणलेल्या दिसाव्यात, एवढीच त्याची मागणी. आम्ही शंका काढली तेव्हा तो म्हणाला, "अहो, फोटो उलटा करून कोण बघतो?" आम्ही छापील मोरावर धागा चढवला, जरीला चमक दिली, आणि मेहनताना घेतला.

काही दिवसांनी आम्ही त्याच्या दुकानी बसलो असता एक बाई साडी घेऊन आल्या. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी ती चित्र पाहून मागवली होती. त्यांनी पदर उलटा करून समोर ठेवला. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. येथे मागे नुसता फिका रंग होता. त्या भांडल्या नाहीत. "फोटोत धागे दिसत होते, ते कुठं गेले?" एवढेच त्यांनी विचारले. व्यापारी काही तरी बोलला. उत्तर खरे तर आम्ही द्यायचे होते, कारण ते धागे आम्ही विणले होते. आम्ही गप्प बसलो.

हातमागाचे काही प्रकार यंत्रमागावर विणू नयेत म्हणून १९८५ साली कायदा झाला. अस्सल हातमागाला ओळख मिळावी म्हणून २००६ साली 'हँडलूम मार्क' आला. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. ही कुंपणे आवश्यकच आहेत, परंतु आमच्या टेबलावर काय घडते ते कोणत्याही कुंपणातून दिसत नाही. म्हणून आम्ही स्वतःपुरता नियम केला आहे. कापडाचे चित्र विक्रीसाठी असेल तर उलट बाजूही दाखवायची, आणि छापील असेल तर 'छापील' हा शब्द चित्राखालीच लिहायचा. यामुळे काही कामे गेली. ती जाणारच होती.

नाटकाच्या पडद्यासाठी, पुस्तकाच्या वेष्टनासाठी, किंवा विणकराला नवा नमुना मागावर चढवण्यापूर्वी पाहता यावा म्हणून, ही विद्या अवश्य शिकावी. तरुण मंडळींना आमची विनंती एवढीच की, संगणकापुढे बसण्याआधी घरातले एखादे जुने लुगडे भिंगाखाली धरावे आणि एक धागा कडेपर्यंत डोळ्यांनी न्यावा. आणि भगिनींनो, चित्र कितीही सुंदर असले तरी, पदराची उलट बाजू दाखवा, असे विक्रेत्याला विचारण्याचा संकोच करू नका. त्या बाईंना जे आम्ही त्या दिवशी सांगू शकलो नाही, ते आज येथे सांगितले.