घामाचा पैसा कोठें ठेवाल?

(गांवच्या सभेंत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



१८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले. राग कागदावर होता. कारण न वाचतां त्यावर नांगराची निशाणी केली आणि जमिनी गेल्या. आज आपण सही करतों. पण कागद वाचतों काय?

माझेंच सांगतों. मी मास्तर, दुसऱ्यांस हिशेब शिकविणारा. पण अधिक व्याजाच्या लोभानें वडिलांनीं विकलेल्या म्हशीचे पैसे एका पतसंस्थेंत ठेवले. मुदत भरली, तों संस्थेस कुलूप! तेव्हां कळलें, कीं बँकेंतील ठेवीस जो सरकारी ठेव-विमा असतो, तो पतसंस्थेच्या ठेवीस नसतो.

म्हणून तीन गोष्टी गांठीस बांधा. बँकेंतही हा विमा २०२० सालापासून एका ठेवीदारास एका बँकेंत, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंतच आहे. पोस्टांतील बचतीस केंद्र सरकारची हमी आहे. आणि फोनवर येणारा ओटीपी ही तुमची आजची निशाणी. मागणारा साहेब असो वा सोयरा, ती कोणास देऊं नका.

पीक घरांत आलें, कीं आपण आधीं बियाणें बाजूस काढतों, मग खातों. पैशाचेंही तसेंच करा. घरांतल्या शिकलेल्या लेकीकडून कागद वाचून घ्या, मगच सही करा. व्याज किती, हें मागाहून विचारा. बुडालें तर भरून कोण देणार, हें आधीं विचारा.