साथ येण्यापूर्वीची सज्जता : भूतानचा अनुभव



एखाद्या राष्ट्राची आरोग्यव्यवस्था किती सक्षम आहे, याचा अंदाज सामान्यतः राजधानीतील रुग्णालयांवरून बांधला जातो. साथीचा रोग ही मोजपट्टी मानीत नाही. दूरच्या वस्तीत कोणास ताप आला, तर त्याची वार्ता वर किती वेळात पोहोचते आणि वरून निघालेली लस त्या वस्तीत किती दिवसांत पोहोचते, हीच साथीच्या काळातील खरी कसोटी होय. हिमालयाच्या कुशीतील भूतान हा आपला शेजारी देश २०२० ते २०२२ या काळात या कसोटीला कसा उतरला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

साधने तुटपुंजी, पाया जुना

भूतानची लोकसंख्या २०१७ च्या जनगणनेनुसार सव्वासात लाखांच्या घरात आहे. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराइतकीच. परंतु ती सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरच्या दुर्गम डोंगराळ प्रदेशात विखुरलेली आहे. कोरोनाची साथ उद्भवली तेव्हा देशात साडेतीनशेहूनही कमी डॉक्टर होते आणि अतिदक्षता उपचारांची सोय अत्यंत मर्यादित होती. रोग एकदा पसरला तर रुग्णालये पुरणार नाहीत, हे तेथील शासनाने प्रथमच ओळखले. म्हणूनच रोग पसरू न देण्यावर सर्व भर देण्यात आला.

हा निर्णय अमलात आणता आला, त्याचे कारण पूर्वीच्या चार दशकांत आहे. १९७९ साली तेथे लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. खेड्यापाड्यांतून लहान आरोग्य केंद्रे उभी राहिली व त्यांच्या जोडीला गावचेच आरोग्य स्वयंसेवक तयार करण्यात आले. २००८ च्या राज्यघटनेने मूलभूत आरोग्यसेवा विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. लसी व आवश्यक औषधे यांच्या खरेदीत खंड पडू नये यासाठी स्वतंत्र आरोग्य निधी स्थापन झाला. त्यासाठी २००२ साली तत्कालीन आरोग्यमंत्री संगे न्गेदुप यांनी पूर्वेकडील ट्राशिगांगपासून राजधानी थिंफूपर्यंत पदयात्रा केली. २०१७ साली भूतान गोवरमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तात्पर्य, कोरोना येण्यापूर्वीच लस घेऊन येणारा आरोग्यसेवक प्रत्येक घराच्या परिचयाचा झालेला होता.

पहिला रुग्ण, पहिली पावले

जानेवारी २०२० मध्येच पारो विमानतळावर प्रवाशांची तपासणी सुरू झाली. पहिला रुग्ण, एक अमेरिकन पर्यटक, ५ मार्च २०२० च्या रात्री आढळला. काही तासांतच त्याच्या संपर्कात आलेल्या सुमारे ३०० व्यक्तींचा शोध घेऊन त्यांना विलग करण्यात आले. त्याच महिन्यात सीमा बंद झाल्या. बाहेरून येणाऱ्यांसाठी विलगीकरणाचा काळ इतरत्र १४ दिवसांचा असताना भूतानने तो २१ दिवसांचा केला व त्याचा खर्च शासनाने उचलला. ज्याला घराबाहेर राहण्यास सांगावयाचे त्याच्या अन्ननिवाऱ्याची सोय शासनाने केली, तर तो आजार लपवीत नाही, हे यामागील साधे सूत्र होते. नारिंगी गणवेशातील ‘देसूप’ स्वयंसेवक सीमेवर, बाजारपेठांत व विलगीकरण केंद्रांत कार्यरत राहिले. देशातील पहिला मृत्यू नोंदला गेला तो ७ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे दहा महिन्यांनंतर.

लस : पुण्याहून लुनानापर्यंत

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोव्हिशील्ड लसीच्या दीड लाख मात्रा भारताची भेट म्हणून २० जानेवारी २०२१ रोजी भूतानला पोहोचल्या. तथापि लसीकरण लगेच सुरू झाले नाही. सर्व पात्र प्रौढांना एकाच वेळी पुरेल इतका साठा हाती येईपर्यंत थांबावयाचे, असे ठरले. लोकभावनेचा मान राखून धर्मपीठाच्या सल्ल्याने शुभ दिवसही निवडण्यात आला. मार्चमध्ये आणखी ४ लाख मात्रा आल्या आणि २७ मार्च रोजी मोहिमेस प्रारंभ झाला. देशभर सुमारे १,२०० केंद्रे उघडण्यात आली. लुनानासारख्या हिमाच्छादित प्रदेशात लस हेलिकॉप्टरने नेण्यात आली व तेथून आरोग्यसेवक गावोगाव पायी गेले. अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत ९३ टक्के पात्र प्रौढांना पहिली मात्रा मिळाली.

याच ठिकाणी लहान देशाची अगतिकताही उघडी पडली. भारतात दुसरी लाट उसळली, लसीची निर्यात थांबली आणि भूतानची दुसरी मात्रा अडून राहिली. शासनाने अनेक देशांकडे मदत मागितली. अमेरिकेने ५ लाख, डेन्मार्कने अडीच लाख मात्रा दिल्या. इतर काही देशांनीही हातभार लावला. २० जुलैला सुरू झालेल्या दुसऱ्या फेरीत एका आठवड्यात सुमारे ९० टक्के पात्र प्रौढांचे लसीकरण पूर्ण झाले. लस परकी होती. ती टोचणारी यंत्रणा मात्र स्वतःची होती. हा भेद महत्त्वाचा आहे.

यशाची किंमत

या यशाची किंमतही मोठी होती. पर्यटन अडीच वर्षे बंद राहिले, अनेकांचा रोजगार गेला, मुलांच्या शिक्षणात खंड पडला. २३ सप्टेंबर २०२२ रोजी सीमा पर्यटकांना पुन्हा खुल्या झाल्या, तोपर्यंत देशात कोरोनाने २१ मृत्यू नोंदले गेले होते. विस्तीर्ण व दाट लोकवस्तीच्या प्रदेशाशी या आकड्याची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. सीमा बंद करण्याची सवड प्रत्येकास नसते.

परंतु उरलेले सारे कोणत्याही गावास साधण्याजोगे आहे. गावातील प्रौढांची व बालकांची यादी अद्ययावत आहे काय? उपकेंद्रातील लसीचे शीतपेटीतील तापमान रोज नोंदले जाते काय? विलग राहणाऱ्या मजुराच्या घरी धान्य कोण पोहोचवील, हे अगोदर ठरले आहे काय? भूतानमध्ये ‘गेवोग’ या ग्रामसमूहाच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, शिक्षकाने व आरोग्यसेवकाने मिळून ही कामे केली. साथ दाराशी आल्यावर यादी करावयास बसणाऱ्या गावाला वेळ मिळत नाही. ही यादी साथ नसलेल्या वर्षीच पूर्ण झालेली असावी लागते.